थो ‘बे’ म्हने

खून झाला आणि चार मिनिटांत मायनं मोबाइल बंद करायला लावला.

“राहू दे बाबू. हा मानूस खोटं बोलून रायला.”

मला वाटलं, हिला खुनी सापडला. त्यात नवल नव्हतं. चाळिसाव्या पानावर खुनी ओळखायचा आणि उरलेलं पुस्तक लेखकाला हसत वाचायचं, हा तिचा जुना छंद. पण ती कुठल्या पात्राबद्दल बोलतच नव्हती. बोलत होती ते मोबाइलवर कादंबरी वाचून दाखवणाऱ्याबद्दल.

(मी तिला माय म्हणतो. हे लिहायला बसलो तेव्हा पहिल्या ओळीत आपसूक ‘आई’ आलं होतं. ते खोडलं. का आलं, ते पुढे येईलच.)

मायचा डावा डोळा काचबिंदूनं गेला. उजव्याला दार कुठलं आणि भिंत कुठली एवढंच कळतं. त्याआधी ती वाचायची. कशी, तर भाकर तव्यावर टाकली की ती फुगेस्तोवर चार ओळी. बाबा दारव्ह्याला गेले की एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून भडक मुखपृष्ठाची पातळ पॉकेटबुकं आणायचे. आणल्या आणल्या माय शेवटचं प्रकरण सुईदोऱ्यानं शिवून टाकायची. स्वतःच्या मनाचा भरवसा नाही म्हणे. दोरा उसवायचा दिवस आला की त्या दिवशी भाजीत मीठ कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. घरातल्या त्या जुन्या पुस्तकांना अजून टाक्यांची भोकं आहेत, पिठाचे ठसे आहेत.

डोळ्यांवाटे जात नाही ते पुस्तक कानावाटे द्यावं, ही युक्ती काही माझी नाही. पहिल्या महायुद्धात आंधळे झालेल्या सैनिकांचा प्रश्न होता, त्यातून इंग्लंडात १९३५ साली अंधांसाठी बोलक्या पुस्तकांची सेवा सुरू झाली. तेव्हा तबकड्या होत्या, एका कादंबरीला दहाएक लागायच्या. त्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक खुनाची गोष्ट होती. मायला हे सांगितलं तर म्हणते, “मंग का रामायन ऐकवतीन? थे तर पाठच असते.” त्या कादंबरीचं नाव मी सांगत नाही. ज्यांनी ती वाचली त्यांना ठाऊक आहे की गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज हीच तिच्यातली खरी गोम आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांचा दोरा मी कशाला उसवू?

मी स्वतः ऐकतो ते रात्री, ओलितावर. हरभऱ्याला पाणी द्यायचं आणि लाईन रात्रीची, मग जागावंच लागतं. इयरफोन एकाच कानात. दुसरा कान मोकळा ठेवायचा: रानडुकरासाठी, रोह्यासाठी आणि स्प्रिंकलरचा पाइप निसटला तर त्या फुस्स आवाजासाठी. पाइप बदलताना गोष्ट थांबवायची, हात शेल्याला पुसून पुन्हा लावायची. अशा वेळी खुनाची गोष्ट जशी चढते तशी दुपारी ओसरीत बसून चढत नाही. शेजारच्या तुरीत काही सळसळलं की ते कादंबरीतलं का वावरातलं, हे क्षणभर कळत नाही.

मायला लावून दिलेली कादंबरी मी अशीच ओलितावर ऐकायला घेतली होती आणि अर्ध्यात सोडली होती. का सोडली ते तेव्हा सांगता आलं नसतं. झोप आली असेल असं वाटलं. गोष्ट आमच्या जिल्ह्यातली, म्हणून तर घेतली होती. एका जिनिंगवाल्याचा खून, प्रेत सरकीच्या ढिगात, संशय सालदारावर, म्हणजे सालगड्यावर, आणि तपासाला पुण्याहून बदलून आलेला इन्स्पेक्टर. (आमच्याकडं ठाणेदार म्हणतात. इन्स्पेक्टर म्हटलं तर लोकांना वाटते, बियाण्याचा किंवा खताचा असेल.) वाचणाऱ्याचा आवाज उत्तम. कडवलेल्या तुपासारखा. प्रत्येक ‘ळ’ला जीभ टाळूला लागून सुटल्याचं ऐकू येतं. जिनिंगमधली धूळ, कापसाच्या गाड्यांची रांग, पहाटेचं हिव, सगळं त्यानं झकास वाचलं. आणि मग सालदारानं तोंड उघडलं.

“म्या न्हाय क्येलं सायेब. द्येवाच्यान सांगतु.”

हा सालदार सातारा-कोल्हापूरकडं गाडीत बसला असावा आणि तमाशापटात एक मुक्काम करून यवतमाळला उतरला असावा. आमच्याकडचा माणूस ‘म्या’ म्हणत नाही, ‘न्हाय’ म्हणत नाही. तो म्हणेल, “मी नाई केलं सायेब.” इतकं साधं. पण मराठी ऐकवणाऱ्यांच्या लेखी खेडं एकच आहे आणि ते पंचगंगेच्या काठी वसलेलं आहे. विदर्भ दाखवायचा असला तर वरून ‘बाप्पा’, ‘काहून’ आणि ‘बे’ यांची कोथिंबीर भुरभुरायची. याही भल्या माणसानं ती भुरभुरली होती. ‘म्या’ आणि ‘काहून’ एकाच वाक्यात! पुरणपोळीवर तर्री.

वऱ्हाडी म्हणजे पाच-सहा शब्दांची पुडी नव्हे. (पुण्या-मुंबईकडं वऱ्हाडी म्हटलं की आधी लग्नातली पंगत आठवते, ते एक सोडून देऊ.) आमचा ‘ळ’ विरघळतो, त्याचा ‘य’ होतो. डोळा नाही, डोया. काळी नाही, कायी. डॉक्टर देतो तीही गोयी आणि बंदुकीतून सुटते तीही गोयीच. मला नाही, मले. काम आम्ही करत नाही, करून रायलो असतो, म्हणजे ते संपेल अशी घाई कोणालाच नसते. सगळ्यात बारीक गंमत ‘येजो’, ‘जाजो’, ‘सांगजो’मध्ये आहे. ‘ये’ हा हुकूम झाला. ‘येजो’ म्हणजे तुला सवड होईल तेव्हा ये. त्यात माया आहे. आणि गुन्हेकथा लिहिणाऱ्यांनी कान द्यावा असं दुसरंही काही त्यात आहे. आमच्याकडं खरी धमकी ओरडून देत नाहीत. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन भावांचं बिनसलं की मोठा शांतपणे म्हणतो, “भेटजो मंग.” ते ऐकून ज्याच्या पोटात खड्डा पडत नाही, तो आमच्याकडचा नाही.

त्यातही यवतमाळ, अकोला, अमरावती, वाशीम, बुलढाण्याची बोली वेगळी, वर्धा-नागपूरकडची नागपुरी वेगळी, आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीतली आणखी निराळी. वरून सगळी एकसारखी वाटते. सोयाबीनच्या शेंगाही रस्त्यावरून एकसारख्याच दिसतात.

मायनं मात्र एवढं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, “या सालदारानं मारलं नाई. याच्यानं मारनं होतच नाई. हे सोंग हाय.”

मग मला कळलं की मी ती कादंबरी का सोडली होती. प्रेमकथा असती तर वाचणाऱ्याचा उच्चार थोडा खटकला असता, गोडी कमी झाली असती, गोष्ट पुढे गेली असती. खुनाच्या गोष्टीत ऐकणारा पंच म्हणून बसलेला असतो. त्याच्यापुढे येणारा प्रत्येक आवाज हा पुरावाच. वाचणाऱ्याला शेवट ठाऊक असतो आणि तो त्याला लपवायचा असतो, त्यामुळे त्याची जबाबदारी मोठी. एखाद्याला विनोदी आवाज दिला की तो माणूस तिथंच निर्दोष सुटला, कारण विदूषक खून करत नाहीत. सालदार असा पहिल्या वाक्यातच सुटला. बायकोही सुटली, तिला मुसमुसणारा आवाज होता. वाचणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजात बोलणारे दोघंच उरले, एक इन्स्पेक्टर आणि दुसरा जिनिंगवाल्याचा शिकलेला भाचा. म्हणजे पुण्याच्या मराठीत बोलणाऱ्यालाच काय ते गूढ असण्याचा मान. असं असेल तर पुढचे सहा तास ऐकायचं कशाला?

आणि एक आवाज सुटत नाही, अडकतो. गावाबाहेरच्या बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचा, एक पारधी त्या कादंबरीत दोन ओळींपुरता येतो. येतो, रस्ता सांगतो, जातो. त्याच्यासाठी वाचणाऱ्यानं घसा खरवडला होता. लेखकानं तसं काही सुचवलं असेल असं वाटत नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली, घसा तोच आहे.

मी तावातावानं हे सगळं पुण्याच्या भाच्याला फोनवर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि माझाच एक जुना दाखला काढला. लिब्रिव्हॉक्स म्हणून एक जागा आहे. हक्क संपलेली पुस्तकं कुणीही हौसेनं वाचून द्यावीत आणि कुणीही फुकट ऐकावीत, असं तिथं २००५ पासून चालतं. इंग्रजी सुधरावं म्हणून मी एका हंगामात तिथून शेरलॉक होम्स ऐकला होता. संग्रहातली एक गोष्ट एकाच्या आवाजात, पुढची दुसऱ्याच्या. मला काय आवडलं होतं! लंडनचं धुकं, घोडागाडीच्या टापा. भाचा दिवाळीत आला होता तेव्हा त्यानं एक इयरफोन कानाला लावला आणि म्हणाला, “मामा, हा होम्स अमेरिकन आहे.” मला तोवर पत्ता नव्हता. अजूनही नाही. दोन्ही आवाज माझ्यासाठी सारखेच साता समुद्रापारचे. लंडनच्या एखाद्या म्हातारीनं तो ऐकला असता तर मायसारखंच “बंद कर” म्हणाली असती.

म्हणजे पुण्यातल्या माणसाला आमचा सालदार खटकत नाही तो असा. माझा राग निम्मा उतरला. निम्मा राहिला, कारण इंग्रजी काही माझी नाही. मराठी तर त्यांची आहे ना?

उलटंही होतं म्हणा. १९४१ साली, ऐन महायुद्धात, बीबीसीनं विल्फ्रेड पिकल्स नावाच्या यॉर्कशायरच्या माणसाला बातम्या वाचायला बसवलं. तो त्याच्या गावच्या बोलीत ‘गुड नाइट’चं ‘गुड नीट’ करायचा. लोकांनी तक्रारी केल्या. कित्येकांना त्या तोंडून आलेली बातमी खरीच वाटेना. खरं बोलणारा माणूस कुठल्या आवाजात बोलतो हे तिथल्या लोकांच्या मनात आधीच ठरलेलं होतं. मायच्याही मनात ठरलेलं आहे. फक्त तिचं ठरलं ते जबाबाच्या दिवशी.

मी सातवीत होतो. बाबा गावचे पोलीस पाटील. तुरीचं खळं चालू होतं आणि बाबांना ताप, म्हणून माय आणि आमचा सालदार खळ्यावर जागलीला. मध्यरात्री विहिरीकडून बोलणं ऐकू आलं. एक जण म्हणत होता, “थांब ना बे, येऊन रायलो.” सालदार काठी घेऊन धावला तोवर मोटरीचा केबल कापून दोघं पसार. तांब्याचा भाव तेव्हाही चांगलाच होता.

सकाळी ठाण्याचे जमादार आले. मायनं सांगितलं, चेहरे दिसले नाहीत, पण एक गोष्ट पक्की. “थो ‘बे’ म्हने. थो आपल्याइकडला नाई. वर्धेकडला हाय.” आता आमच्याकडची सगळी पोट्टी उठता-बसता बे म्हणतात, माझा मुलगाही म्हणतो. पण तेव्हा आमच्या गावात कोणी म्हणत नव्हतं. आम्ही ‘गड्या’ म्हणायचो, ‘लेका’ म्हणायचो. जमादारांनी मान हलवली, लिहिलं, आणि वाचून दाखवलं: “मला दोन अनोळखी इसमांचे बोलण्याचा आवाज आला. त्यापैकी एक इसम दुसरे इसमास थांबण्यास सांगत होता. वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.”

माय बाबांकडं पाहत राहिली. जमादार गेल्यावर म्हणाली, “मी असं कुठी म्हतलं? हा मानूस खोटं बोलून रायला.”

बाबा म्हणाले, “कागदावर तसंच असते.”

तिच्याजवळ एकच पुरावा होता आणि तो त्या वाक्यातून गळून पडला होता. चोर सापडले नाहीत. वर्धेकडं कोणी शोधलंच नाही. शोधलं असतं तर सापडले असते असंही नाही, पण ‘एक इसम दुसरे इसमास’ या वाक्यातल्या माणसाला शोधायला निघणार तरी कुठल्या दिशेनं?

ग्रियर्सनसाहेबानं हिंदुस्थानातल्या भाषांची मोठी पाहणी केली. तिचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्यानं बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट त्या त्या बोलीत उतरवून घेतली. दुसरा नमुना तिथल्या लोकांच्या तोंडचा काहीतरी घ्यायचा. आणि त्या पाहणीत काही बोलींसाठी तो नमुना म्हणजे आरोपीचा जबाब आहे. मला हे समजलं तेव्हा मी किती वेळ नुसता बसून होतो. आरोपी कोण, त्याचं पुढे काय झालं, याच्याशी साहेबाला देणंघेणं नव्हतं. त्याला क्रियापदं हवी होती. पण क्रियापदांच्या लोभानं का होईना, त्यानं आरोपीचं तोंड जसंच्या तसं ठेवलं. आमच्या जमादारांना क्रियापदांचं काय करायचं होतं?

आता ‘आई’ का आलं ते.

मी ती कादंबरी छापील मागवली. मायला म्हटलं, मीच वाचून दाखवतो, बघू. रात्री जेवणं झाल्यावर ती बाजेवर बसली, वाती वळत. वाती वळायला डोळे लागत नाहीत. मी सुरुवात केली. सालदाराशी पोचलो. पुस्तकात साधं वाक्य होतं: “मी नाही केलं साहेब.” ‘म्या’ नाही, ‘न्हाय’ नाही, काहीच नाही. लेखकानं त्याला नुसतं माणसासारखं बोलायला लावलं होतं. सोंग त्याच्या अंगावर नंतर चढलं होतं. मी ते वाक्य जसं होतं तसं वाचलं.

“तू कायले पोलिसावानी वाचून रायला?” माय म्हणाली.

मी थांबलो. स्वतःचा आवाज ऐकला. ‘ळ’ टाळूला लागून सुटत होता. बाजेवर बसून मायशी बोलताना जो माणूस ‘डोये’ म्हणतो, त्याच्या हातात पुस्तक आलं की त्याचे ‘डोळे’ होतात. शाळेत ‘शाया’ म्हटलं की पट्टी बसायची, ती हातावर बसायची, पण गेली जिभेवर. मराठीतलं आद्य गद्य ज्या रिद्धपुरात घडलं ते आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, आता तिथंच मराठी भाषा विद्यापीठ झालं. आणि आम्ही तिथून दीडदोन तालुके अलीकडं अशुद्ध बोलण्याचा मार खाल्ला. असो. पट्टी मारणारे गुरुजीही घरी गेल्यावर ‘शाया’च म्हणत असतील.

दुसऱ्या दिवशी मी सालदार वऱ्हाडीत वाचायचा ठरवला. ठरवून वाचला तर ते त्या तूपवाल्या आवाजाहून वाईट झालं. शब्द आपले, पण मी ते लावून बोलत होतो, गॅदरिंगमधल्या नाटकासारखं. माय तोंडाला पदर लावून हसली. ठरवून केलं की आपलीही बोली सोंगच होते, हे मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या रात्री मी दमलेलो होतो. दिवसभर ओलीत, वरून मोटरीचा स्टार्टर जळालेला. आवाज लावायचं त्राण नव्हतं. इन्स्पेक्टर विचारतो, तू त्या रात्री कुठे होतास, आणि सालदार अर्धं पान उत्तर देतो. मी ते वाचत गेलो. मध्येच जाणवलं की हा आवाज माझा नाही. आमच्याकडं पंधरा वर्षं होता त्या सालदाराचा आहे, त्या रात्री काठी घेऊन विहिरीकडं धावला होता त्याचा. मी त्याला काका म्हणायचो. तो असाच, एक वाक्य बोलून थोडा थांबायचा, तंबाखू मळल्यासारखा. “मी घरीच होतो सायेब. बैलाले पानी पाजलं. भाकर खाल्ली. मंग निजलो.”

मायचे हात थांबले होते. वात अर्धी वळलेली.

“पुन्हा वाच बरं.”

मी वाचलं.

“यानंच केलं असन,” माय म्हणाली.

“काहून?”

“किती सुदा बोलते पाय ना. भाकर खाल्ली म्हनते. मालक मेला त्या रातची भाकर कोनाले याद रायते?”

मला पुढचं ठाऊक नव्हतं. मी तर अर्ध्यात सोडलेली. आणि खरं सांगायचं तर तीन दिवसांपूर्वी मी जिनिंगवाल्याच्या भाच्यावर पैज लावली असती. आता त्या भाकरीपाशी मीही अडकलो. चाळून पाहावं म्हणून बोट मागच्या पानांकडं गेलं. पान उलटल्याचा आवाज झाला असावा.

“पुस्तक ठेव इकडं,” माय म्हणाली, “अन् सुई आन.”

सुई मला सापडेना. तीच उठली, चाचपडत फळीपर्यंत गेली आणि डब्यातून काढून आणली. दोरा मात्र मी ओवून दिला.